जुन्नरची निजामशाही : एका सल्तनतीचा उदय आणि अस्त

दरवर्षी आठवी-नववीच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "सर, निजामशाही म्हणजे ते हैदराबादचे निजाम ना?" जुन्नरच्या मातीत वाढलेली मुलं हा प्रश्न विचारतात, तेव्हा मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं. कारण हैदराबादच्या निजामांच्या सव्वादोनशे वर्षे आधी, याच जुन्नरमध्ये एक स्वतंत्र सल्तनत उभी राहिली होती. तिची पहिली राजधानी जुन्नर. पुढे राजधानी गेली, शतकभराने पुन्हा जुन्नरला आली, आणि शेवटच्या तहातही जुन्नरचे नाव होतेच. म्हणून हा लेख. जुन्नर-आंबेगावच्या घरांत आई-वडिलांनी मुलांना वाचून दाखवावा, एवढ्याच हेतूने लिहीत आहे.

आधी थोडक्यात ओळख. निजामशाही ही बहमनी सल्तनत फुटल्यावर दख्खनमध्ये तयार झालेल्या पाच राज्यांपैकी एक. बाकीची चार म्हणजे विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, वऱ्हाडची इमादशाही आणि बिदरची बरीदशाही. निजामशाहीचा काळ 1490 ते 1636, म्हणजे 146 वर्षे. हैदराबादच्या आसफजाही निजामांशी तिचा घराण्याचा काहीही संबंध नाही. दोन्हीकडे 'निजाम-उल-मुल्क' हा किताब होता, एवढेच साम्य.

जुन्नरच का?

नकाशा उघडून पाहा. घाटमाथा आणि कोकण यांच्या मधोमध नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळापासून माल इथूनच वर चढायचा. आजूबाजूच्या डोंगरांत दोनशेच्या वर कोरीव लेणी आहेत, आणि त्यांतल्या काही लेखांमध्ये दान देणाऱ्या 'यवनांची', म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी लोकांची नावेसुद्धा कोरलेली आहेत. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन हे किल्ले या वाटेवर पहारा देतात. ज्याच्या हातात जुन्नर, त्याच्या हातात घाट. आणि ज्याच्या हातात घाट, त्याच्या हातात चौलसारख्या बंदरांवरून येणारा घोड्यांचा व्यापार. दख्खनच्या हवेत चांगले घोडे पैदा होत नसत. ते अरबस्तान आणि इराणकडून जहाजाने यायचे. फौज घोड्यावर चालायची, त्यामुळे ही वाट म्हणजे राज्याची नस होती.

या व्यापाराचा एक साक्षीदार आपल्या गावात राहून गेला आहे. अफनासी निकितिन हा रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी. निजामशाहीच्या स्थापनेच्या साधारण वीस वर्षे आधी तो एक घोडा घेऊन चौलला उतरला, आणि पावसाळ्याचे दोन महिने जुन्नरला राहिला. पाऊस आणि चिखल याचे वर्णन त्याने आपल्या प्रवासवर्णनात केले आहे. तो पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाचा माणूस होता. जुन्नरचा तेव्हाचा अंमलदार असदखान. तो बहमनी वजीर महमूद गवानच्या हाताखालचा. निकितिन मुसलमान नाही हे कळल्यावर असदखानाने त्याचा घोडा जप्त केला. धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा, नाही तर दोन्ही जातील, असे म्हणून चार दिवसांची मुदत दिली. निकितिन हताश झाला होता. तेवढ्यात मुहम्मद नावाचा एक खुरासानी खोजा तिथे आला. निकितिनने त्याच्याकडे मदत मागितली. तो खानाकडे गेला, रदबदली केली, आणि घोडाही परत आणला, धर्माची सक्तीही टळली.

वर्गात हा किस्सा सांगितला की मुलं एकदम शांत होतात. अधिकाराचा जोर वापरणारा मुसलमान होता आणि परक्यासाठी इन्साफ मागणाराही मुसलमानच होता. इतिहास असाच असतो, सरसकट कुणी चांगले नाही, सरसकट कुणी वाईट नाही.

पाथरीच्या कुलकर्ण्याचा मुलगा

निजामशाहीची सुरुवात एका बंदिवान मुलापासून होते. पाथरी (आजचा परभणी जिल्हा) इथल्या ब्राह्मण कुलकर्णी घराण्यातला तिमाभट हा मुलगा. वडिलांचे नाव बहिरू म्हणजे भैरव. विजयनगरच्या मोहिमेत तो बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि त्याचे नाव मलिक हसन पडले. शहजाद्याबरोबर शिकला, फारसीत तयार झाला आणि हळूहळू वर चढला. 'बहरी' हे त्याचे टोपणनाव वडिलांच्या नावावरून पडले असे मानतात. ही हकीकत आपल्याला मुहम्मद कासिम फरिश्ता या इतिहासकाराकडून कळते. फरिश्ता स्वतः अहमदनगरच्या दरबारात वाढलेला होता.

या घराण्याने आपले मूळ लपवले नाही. पुढे पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती, तेव्हा निजामशहाने आमच्या पूर्वजांचे गाव आहे, बदल्यात दुसरा मुलुख घ्या, अशी मागणी केली. नकार आल्यावर 1518 मध्ये लढून पाथरी घेतली.

मलिक हसनचा स्वतःचा रस्ता मात्र स्वच्छ नव्हता. बहमनी दरबारात दोन गट होते. एक 'दख्खनी', म्हणजे इथले मुसलमान आणि त्यांच्यासोबत हबशी. दुसरा 'आफाकी', म्हणजे इराण, तुर्कस्तान, मध्य आशियातून आलेले. महमूद गवान हा आफाकींचा मोठा माणूस, अतिशय कर्तबगार. दख्खनी गटाने त्याच्या शिक्क्याचे खोटे पत्र तयार केले आणि 1481 मध्ये सुलतानाने त्याला ठार करवले. त्या कटात मलिक हसनचा हात होता. पाच वर्षांनी, 1486 मध्ये, मलिक हसनलाही बिदरमध्ये मारण्यात आले. हे गटबाजीचे विष लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी ते पुन्हा येणार आहे.

मलिक अहमद : जुन्नरचा सुभेदार ते सुलतान

मलिक हसनचा मुलगा मलिक अहमद जुन्नरला अंमलदार म्हणून आला. आसपासचे बरेच किल्ले मराठा किल्लेदारांकडे होते आणि ते ताबा द्यायला तयार नव्हते. अहमदने आधी शिवनेरी घेतला. फरिश्ता लिहितो की किल्ल्यावर पाच वर्षांचा महसूल साठलेला सापडला. तो पैसा अहमदने फौजेत वाटला. मग चावंड, जीवधन, लोहगड, तुंग, तिकोना, कोंढाणा, पुरंदर, माहुली असे एकेक करून घाटमाथा आणि कोकणातले किल्ले त्याच्याकडे आले. वडिलांच्या खुनाची खबर आली तेव्हा तो या मुलुखात भक्कम उभा होता. त्याने वडिलांचा किताब घेतला : निजाम-उल-मुल्क.

बिदरहून त्याच्यावर फौजांवर फौजा आल्या. शेवटची मोठी फौज जहांगीरखानाच्या हाताखाली होती. अहमदने 28 मे 1490 च्या पहाटे भिंगारजवळ तिच्यावर अचानक छापा घातला आणि तिचा पुरता मोड केला. विजयाच्या जागी त्याने बाग लावली, म्हणून या लढाईला 'जंग-ए-बाग' म्हणतात. त्यानंतर जुन्नरला परतून तो स्वतंत्र झाला. निजामशाही ती हीच.

त्याची नजर दौलताबादवर होती. दरवर्षी पिकाच्या दिवसांत तो त्या मुलुखावर स्वारी करायचा. पण जुन्नर तिथून लांब पडायचे. म्हणून जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मधल्या टप्प्यावर, सीना नदीकाठी, त्या बागेच्याच जागी त्याने 1494 मध्ये नवे शहर वसवायला घेतले. तेच अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. दौलताबाद 1499 मध्ये हाती आला. साधारण 1510 च्या सुमारास त्याचा इंतकाल झाला. फरिश्ताने त्याची एक सवय नोंदवली आहे. शहरातून घोड्यावर जाताना तो उजवीडावीकडे पाहत नसे, का तर कुणा परस्त्रीवर नजर पडू नये. राजाने आधी स्वतःच्या नजरेवर राज्य करावे, असा हा मामला.

कारभार कोण चालवत होते?

दुसरा सुलतान बुरहान निजामशहा गादीवर आला तेव्हा सात वर्षांचा होता. त्याने 1553 पर्यंत राज्य केले. इराणहून आलेल्या शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाने त्याने शिया पंथ स्वीकारला आणि तो राज्याचा पंथ केला. त्यावरून सरदारांत नाराजी झाली, बंडाळीही झाली.

याच बुरहानने कावरसेन नावाच्या ब्राह्मणाला पेशवा नेमले होते. हो, 'पेशवा' हा हुद्दा शिवाजी महाराजांच्या आधी निजामशाहीत चालत होता. गावोगावचा हिशोब मराठीत, देशमुख-देशपांडे-पाटील-कुलकर्णी यांच्या हाती. डोंगरी किल्ल्यांवर मराठे. फौजेत हबशी, दख्खनी, इराणी, पठाण आणि मराठे बारगीर. सिंदखेडचे जाधव, वेरूळचे भोसले ही घराणी निजामशाहीच्या चाकरीतच मोठी झाली. मालोजी भोसल्यांना पुणे आणि सुप्याची जहागीर निजामशाहीने दिली. परंपरा सांगते की मालोजींनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्यात मन्नत मागितली होती, आणि म्हणून मुलांची नावे ठेवली शहाजी आणि शरीफजी.

राज्याचा जोम कशात होता, तर या मिलाफात. बाहेरून आलेले तंत्र आणि इथल्या लोकांचे हात. याचा सगळ्यात भारी नमुना म्हणजे 'मलिक-ए-मैदान' ही तोफ. ती 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ओतणारा उस्ताद मुहम्मद बिन हसन रूमी, म्हणजे तुर्की मुलखातला. आज ही तोफ विजापूरच्या बुरुजावर आहे.

हुसेन निजामशहाच्या काळात, जानेवारी 1565 मध्ये, दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव केला. 1574 मध्ये मुर्तझा निजामशहाने वऱ्हाड जिंकून घेतला. कोकणच्या किनाऱ्यापासून वऱ्हाडपर्यंत राज्य पसरले. निजामशाहीचे हे शिखर होते.

आतून पोखरणारी कीड

शिखरावरून उतार लगेच लागला. 1588 मध्ये मुर्तझाला त्याच्याच मुलाने, मीरान हुसेनने, गरम हमामखान्यात कोंडून मारले. वर्षभराच्या आत मीरान हुसेनचाही खून झाला. खून आफाकी गटाने केला म्हणून दख्खनी गटाचा जमालखान चिडला आणि 1589 मध्ये अहमदनगरात परदेशी मुसलमानांची सरसहा कत्तल झाली. शिकलेली, हुन्नरी माणसे मेली किंवा पळाली. इतिहासकार फरिश्ता त्याच वर्षी अहमदनगर सोडून विजापूरला गेला.

1595 मध्ये तर कहर झाला. सुलतान लढाईत पडला आणि दरबाराचे चार तट पडले. प्रत्येक तटाने आपापला वारस पुढे केला. खरा वारस बहादूर तर अगदी लहान, आणि त्याला कुठे ठेवले? आपल्या चावंड किल्ल्यावर, कैदेत! मियाँ मंझू नावाच्या वजिराने एक पाऊल आणखी पुढे टाकले. विरोधकांना चिरडण्यासाठी त्याने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, मदतीला बोलावले. पत्र पाठवून झाल्यावर पस्तावला, पण तोवर मुघल फौज निघाली होती. घरच्या भांडणात शेजाऱ्याला बोलवायचे आणि मग तो घरच मागतो म्हणून रडायचे, त्यातली ही गत.

चांदबीबी

या वेळी उभी राहिली ती एक बाई. चांदबीबी ही हुसेन निजामशहाची लेक आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. डिसेंबर 1595 मध्ये मुघलांनी अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला. फेब्रुवारी 1596 मध्ये सुरुंगाने तटाला खिंडार पडले. चांदबीबी चेहऱ्यावर नकाब, हातात तलवार अशी स्वतः खिंडारावर आली. तिला पाहून पळणारे सैनिक परत फिरले, आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली. मुघलांना वऱ्हाड देऊन तह झाला, राज्य वाचले.

पण गटबाजी काही थांबली नाही. 1600 मध्ये मुघल पुन्हा आले. किल्ला टिकणार नाही हे ओळखून, लहान सुलतानाला सुखरूप बाहेर काढून बोलणी करावी, असे चांदबीबीचे मत पडले. हमीदखान नावाच्या सरदाराने "बीबी फितूर झाली" अशी आवई उठवली, आणि तिच्याच लोकांनी तिला मारले. थोड्याच दिवसांत, ऑगस्ट 1600 मध्ये, किल्ला पडला. बहादूर निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली.

हबशी गुलाम आणि पुन्हा जुन्नर

सगळ्यांना वाटले, संपली निजामशाही. ती आणखी 36 वर्षे टिकली, ती मुख्यतः एका माणसामुळे. मलिक अंबर.

मलिक अंबर हा हबशातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. जन्म 1548 च्या सुमाराचा. नज्जाशी बादशहाने मक्केतून गेलेल्या मुहाजिरांना जिथे आसरा दिला, तोच हा मुलुख. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान-बगदाद करत हातोहात दख्खनला पोहोचला. इथे त्याने तलवार आणि कारभार दोन्ही शिकून घेतले. अहमदनगर पडल्यावर त्याने घराण्यातल्या एका शहजाद्याला परांड्याला गादीवर बसवले, त्याला आपली मुलगी दिली, आणि विखुरलेली फौज गोळा केली. 1607 च्या सुमारास राजधानी आली जुन्नरला. जिथे राज्य जन्मले तिथेच ते पुन्हा उभे राहिले. मग तिथून दौलताबाद आणि खडकी. खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथल्या पाण्याच्या नहरी आजही लोक दाखवतात.

अंबरची फौज मुघलांसमोर मैदानात उभी राहत नसे. डोंगरातून छापा, रसद तोडणे, पुन्हा डोंगरात. ही चाल मराठा स्वारांच्या जोरावर चालली. 1624 ची भातवडीची लढाई, जिथे शहाजीराजे लढले आणि शरीफजी कामी आले, ती त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी. जहांगीर बादशहा त्याच्यावर इतका जळायचा की त्याने अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतानाचे स्वतःचे चित्र काढून घेतले. प्रत्यक्षात अंबर कधी हाती लागलाच नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचे मोठे काम म्हणजे जमीन महसुलाची पद्धत. जमिनीची प्रत पाहून आकार ठरवायचा, ठेकेदारांची मधली लूट कमी करायची, आणि गावाला जबाबदार धरायचे. पुणे प्रांतात पुढच्या पिढ्यांनीही हा 'मलिकंबरी' धारा आधार म्हणून धरला. मे 1626 मध्ये मलिक अंबर गेला. त्याचा मकबरा खुलताबादला आहे.

शेवटची दहा वर्षे

अंबरचा मुलगा फत्तेखान वजीर झाला, पण बापाची अक्कल त्याच्याकडे नव्हती. त्यात 1629 मध्ये सुलतानाने लखुजी जाधवांना त्यांच्या मुलांसह दौलताबादच्या दरबारात मारले. लखुजी म्हणजे जिजाबाईंचे वडील. ज्यांच्या जोरावर राज्य चालायचे ती मराठा घराणी बिथरली. या धुमाळीत जिजाबाई शिवनेरीवर होत्या, आणि 19 फेब्रुवारी 1630 रोजी तिथे शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्याच सुमारास पाऊस दगा देऊन गेला. 1630 ते 1632 चा तो दुष्काळ दख्खनच्या इतिहासातल्या सर्वांत भयंकर दुष्काळांपैकी एक मानला जातो.

फत्तेखानाने स्वतःच्या सुलतानाला मारून दहा वर्षांच्या हुसेनला गादीवर बसवले. जून 1633 मध्ये दौलताबाद मुघलांनी घेतले आणि हुसेनचीही रवानगी ग्वाल्हेरला झाली.

आता निजामशाहीचा झेंडा कुणी उचलला? शहाजीराजे भोसल्यांनी. त्यांनी घराण्यातला मुर्तझा नावाचा एक मुलगा शोधला. तो जीवधन किल्ल्यावर होता असे मराठी इतिहासकार लिहितात. संगमनेरजवळच्या पेमगिरी किल्ल्यावर त्याला गादीवर बसवून शहाजीराजांनी त्याच्या नावाने तीन वर्षे कारभार केला. जुन्नर आणि भोवतीचे किल्ले त्यांच्याकडे होते. शेवटी शहाजहान स्वतः दख्खनला आला. मे 1636 मध्ये मुघल आणि आदिलशाही यांनी तह करून निजामशाहीचा मुलुख आपसात वाटून घेतला. त्या तहात शहाजींनी जुन्नर आणि त्र्यंबक हे किल्ले खाली करावेत असे स्पष्ट कलम होते. माहुली किल्ल्यावर शहाजीराजे वेढले गेले. मुर्तझाला मुघलांच्या हवाली करावे लागले, आणि राजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. निजामशाही संपली. जुन्नर मुघलांकडे गेले.

रूम आणि जुन्नर

कुरआनातली सूरह रूम आपल्या घरात पढली जाते. त्यातले रूम म्हणजे पूर्वेकडचे ख्रिस्ती साम्राज्य, राजधानी कुस्तुंतुनिया. 330 मध्ये वसलेली ही राजधानी 1453 मध्ये उस्मानी तुर्कांनी जिंकली. पण शाळेत मी मुलांना आधीची तारीख पाठ करायला लावतो, 1204. त्या वर्षी शहराची लूट केली ती मुसलमानांनी नाही, तर पश्चिमेकडून क्रुसेडसाठी निघालेल्या ख्रिस्ती फौजेने. आणि तिला तिथे आणले होते गादीसाठी मदत मागणाऱ्या रूमच्याच एका शहजाद्याने. ते साम्राज्य त्या घावातून पुन्हा पूर्ण सावरले नाही.

मियाँ मंझूचे पत्र आणि कुस्तुंतुनियाच्या शहजाद्याची मागणी, दोन्हींत चारशे वर्षांचे अंतर, पण चूक तीच. रूम असो की जुन्नर, शत्रू दारात येतो तो बऱ्याचदा घरातल्याच कुणीतरी कडी काढल्यावर.

निजामशाही मुसलमान सुलतानांची होती आणि तिला सर्वांत मोठा घाव घातला तो मुसलमान मुघल बादशहांनी. तिला शेवटपर्यंत जपणारे शहाजीराजे हिंदू होते. तिचा मूळपुरुष पाथरीच्या ब्राह्मणाचा मुलगा, आणि तिचा सर्वांत मोठा रखवालदार आफ्रिकेतून आलेला गुलाम. 'त्यांचा' इतिहास आणि 'आपला' इतिहास अशी फाळणी या राज्याला लागूच पडत नाही. आपल्या काही घरांत जुन्या बादशाहीचा पोकळ गर्व असतो, तर काही घरांत मुलं तिचे नाव घ्यायलाही संकोचतात. दोन्हींची गरज नाही. जे झाले ते नीट माहीत असावे, एवढेच पुरे आहे.

एकदा सहलीला शिवनेरीवर गेलो होतो. शिवजन्मस्थान पाहून झाल्यावर कमानी मशिदीपाशी मुलं थांबली. दोन मिनार, त्यांना जोडणारी सुरेख कमान, खाली पाण्याचे टाके. एका मुलाने विचारले, "सर, महाराज लहान असताना त्यांनी ही कमान पाहिली असेल का?" त्याचे उत्तर कुठल्या पुस्तकात नाही. पण तो मुलगा त्या दिवशी गडावरून उतरला तो ताठ मानेने, आणि त्याच्या शेजारी चालणारा त्याचा मराठा दोस्तही.

मुलांना घेऊन कुठे जाल?

शिवनेरी : शिवजन्मस्थान, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, कमानी मशीद आणि ईदगाह. एका दिवसात सगळे होते.

हापूसबाग परिसर, जुन्नर : हबशी महाल आणि सौदागर घुमट.

चावंड : जिथे लहानग्या बहादूर निजामशहाला ठेवले होते. चढ अवघड आहे, लहान मुलांना जपा.

जीवधन आणि नाणेघाट : व्यापाराची जुनी वाट. पावसाळ्यात कड्याजवळ जाऊ नका. मंचर-घोडेगावकडच्या मंडळींना जुन्नर जवळच आहे, नारायणगावमार्गे सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी.

लक्षात ठेवायच्या तारखा

1481 : महमूद गवानचा खून
1486 : मलिक हसनचा खून
1490 : जंग-ए-बाग, जुन्नरला निजामशाहीची स्थापना
1494 : अहमदनगरची पायाभरणी
1499 : दौलताबाद ताब्यात
1565 : तालिकोटची लढाई
1574 : वऱ्हाड निजामशाहीत
1596 : चांदबीबीने किल्ला वाचवला
1600 : चांदबीबीचा मृत्यू, अहमदनगर मुघलांकडे
1607 (सुमारे) : मलिक अंबरने राजधानी जुन्नरला आणली
1624 : भातवडीची लढाई
1626 : मलिक अंबरचे निधन
1630 : शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म
1633 : दौलताबाद पडले, शहाजीराजांनी मुर्तझाला गादीवर बसवले
1636 : माहुलीला शेवट, निजामशाही समाप्त